भाऊंनी देऊन टाकलेलं वर्ष

माझ्या वडिलांनी मला फसवलं आणि विद्यापीठातल्या एका मोठ्या साहेबाने माझ्या वडिलांना फसवलं. पहिली गोष्ट मला त्याच दिवशी कळली होती. दुसरी कळायला वडिलांना पोचवून यावं लागलं. मधली सगळी वर्षं मी एकाच माणसावर चिडून काढली. त्यातली निम्मी चीड दुसऱ्याच्या वाट्याची होती, ती आता इथे त्याला पोचती करते आहे. उरलेली निम्मी वडिलांची आहे आणि ते गेले म्हणून ती मी माफ केलेली नाही. माफी मागण्याइतकं आपलं काही चुकलं असं त्यांना कधी वाटलंच नाही, ही तर माझी मुख्य तक्रार आहे.

वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे काका, त्यांना भाऊ म्हणायचे, ते ऐकून काकांची पोरं म्हणायला लागली आणि त्यांचं ऐकून मीही. बाबा म्हणायला घरात कोणी शिकवलंच नाही. लहानपणी मला याचं काही वाटत नव्हतं. पुढे वाटायला लागलं, की या माणसाने स्वतःच्या पोरीला आणि गावातल्या कोणत्याही पोराला एकाच मापाने मोजायचं आधीच ठरवलं होतं, आणि नावापासून सुरुवात केली होती.

भाऊ विद्यापीठात परीक्षा विभागात होते. टंकलेखक म्हणून लागले आणि चढत चढत सहायक कुलसचिव झाले. विद्यापीठ दूरच्या शहरात, आमच्या गावाहून, मेडशीहून, दोन बस बदलून. आठवडाभर ते तिकडे एका खोलीत राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. संध्याकाळची एसटी नाल्याच्या वळणावर हॉर्न वाजवायची. तो हॉर्न ऐकला की माय चुलीवर तवा टाकायची. बस फाट्यावर थांबून भाऊ पिशवी घेऊन घरापर्यंत येईतो पहिली भाकरी फुगलेली असायची. पिशवीत शहरातला पाव, एखादा पुडा बालूशाही आणि हंगाम असला तर संत्री. वाटणी ते स्वतः करायचे. बालूशाही एक कमी पडली तर ती माझ्या वाट्यातूनच कमी व्हायची. "विशू, तू घरची आहेस," असं म्हणायचे. मी घरची, मग बाकीचे कुठले होते? सगळे एकाच छपराखाली झोपत होतो.

रविवारी सकाळी भाऊ सगळ्या पोरांची नखं कापायचे. वयाप्रमाणे रांग. राजादादा, म्हणजे काकांचा थोरला, पुढे आणि मी शेंडेफळ म्हणून सगळ्यात मागे. हात हातात घेऊन एकेक बोट असं निरखायचे, की जणू त्यावर सही करायची आहे. मग आम्हा पोरींच्या डोक्याला तेल. गावातले पुरुष ओट्यावर बसून हसायचे, "साहेब, ऑफिसातबी हेच काम हाय का?" भाऊ म्हणायचे, "ऑफिसात केसं मोठे लोक उपटतात, मी इथं तेल लावून घेतो." एवढीच त्यांची थट्टा, वर्षानुवर्षं तीच, आणि माय दर वेळी नव्याने हसायची. थंडीत ते कणकेचे जाडजूड रोडगे करायचे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर पाडून त्यात रोडगे पुरायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, सोबत मायच्या हातची वांग्याची भाजी, तिखटाने कान गरम होतील अशी. रोडगे भाजताना त्यांची बोटं मांडीवर चालायची, टपटप, टपटप. टंकलेखनाची सवय. काय टाइप करताय असं विचारलं की दचकून थांबायचे.

असा माणूस नवरा म्हणून चांगला, भाऊ म्हणून चांगला, शेजारी म्हणून तर फारच चांगला. बाप म्हणून जड जातो, हे मात्र कोणी म्हणत नाही. मी म्हणते.

विद्यापीठातली टाचणीही त्यांनी घरी आणली नाही. शेजारच्या गावातल्या एका कारकुनाची पोरं कार्यालयातल्या कोऱ्या कागदांच्या वह्या शिवून शाळेत आणायची, आणि परीक्षा विभागातल्या साहेबाची पोरगी, म्हणजे मी, दुकानातून उधारीवर वही आणत होते. एकदा मी त्यांच्या खिशातलं पेन घेऊन निबंध लिहिला. भाऊंनी पाहिलं, पेन परत घेतलं आणि म्हणाले, "हे त्यांचं आहे." मारलं असतं तर बरं झालं असतं. मी सगळा निबंध शिसपेन्सिलीने पुन्हा लिहिला.

त्यांच्या या वागण्याला एक कारण होतं, आणि ते आमच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं म्हणून कोणी बोलून दाखवत नसे. आमच्या घराण्यात कार्यालयात खुर्चीवर बसलेला तो पहिला माणूस. विहारात वंदना झाली की लोक त्यांच्याभोवती जमायचे, आपापल्या पोरांचे गुण, दाखले, प्रवेश विचारायचे. भाऊ सगळं नीट सांगायचे आणि शेवटी एक वाक्य हमखास: "मी सांगीन, पण करून देणार नाही." काका एकदा वैतागून म्हणाले होते, "भाऊ, बाकीचे साहेब आपल्या माणसाईचे कामं करूनच राह्यले ना?" भाऊ म्हणाले, "त्याइनं केलं तं वळख म्हन्तात. आपन केलं तं काय म्हन्तात, तुले सांगू का?" मला ते वाक्य तेव्हा पटलं होतं. आजही पटतं. पण एखादी गोष्ट पटली म्हणून तिची किंमत मी का चुकवावी, हा माझा प्रश्न आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते. परीक्षा विभागात गोपनीय काम असतं. प्रश्नपत्रिका कोणाकडून काढून घ्यायच्या, छापून कुठे ठेवायच्या, उत्तरपत्रिका कोणाकडे तपासायला जाणार, हे सगळं. ज्या अधिकाऱ्याचा जवळचा नातेवाईक त्या वर्षी परीक्षेला बसतो, त्याने तसं सांगायचं आणि गोपनीय कामातून बाजूला व्हायचं. नियम चांगला आहे. मी माझ्या डाळ मिलमध्येही तोच लावते. आमच्या जावयाच्या शेतातली तूर आली की काट्यावर मी स्वतः उभी राहत नाही, दुसऱ्याला उभं करते. पण जवळचा नातेवाईक म्हणजे कोण, याची भाऊंची व्याख्या निराळी होती. दरवर्षी दिवाळीनंतर एका रविवारी ते जेवायला बसले की विचारायचे, "यंदा कोन बसून राह्यलं परीक्षेले?" आणि पंगतीतून हात वर व्हायचे. काकांचा राजा. आत्याची सुनंदा. आणि ज्याच्या आईने भाऊंना कधीकाळी राखी बांधली होती तो वस्तीतला एक मुलगासुद्धा. भाऊ सगळ्यांची नावं विद्यापीठात जाऊन सांगायचे आणि गोपनीय शाखेतून पूर्ण बाहेर पडायचे. मग ते हंगामभर दुसऱ्या विभागात बसून पात्रता प्रमाणपत्रांवर सह्या करायचे, आणि मागून आलेले लोक त्यांच्या पुढे जायचे.

यात राजादादाचा वाटा फार मोठा. तो एकाच वर्षाला इतक्या वेळा बसला, की मास्तर लोक त्याला बाकावर बसायला जागा विचारून द्यायचे. दर वेळी भाऊ बाजूला. एकदा माय म्हणाली, "राजा, तू पास तरी होय, नाहीतर सोडून तरी दे. तुयापायी मानूस बढतीले मुकून राह्यला." राजादादा ताटातून मान वर न करता म्हणाला, "मोठी माय, मी नापास होतो म्हनूनच तं भाऊचं नाव साफ हाय. पास झालो असतो तं लोक म्हनले असते, भाऊनं केला." सगळे हसले. भाऊही हसले. मी तेव्हा हसले होते, हे आठवून आज माझीच मला चीड येते.

मी स्वतः वाणिज्य शाखेला होते. जवळच्या मालेगावला कॉलेजात एसटीने जायचे, पोरी थोड्याच होत्या, आणि जमाखर्चाच्या विषयात माझ्यापुढे कोणी नव्हतं. शेवटचं वर्ष. पदवी झाली की बँकेत भरती निघणार होती. त्यासाठी पदवी लागत होती आणि बाकी सगळं माझ्याकडे होतं. कोणत्या टेबलावर बसायचं, साडी कोणत्या रंगाची नेसायची, इथपर्यंत मी ठरवून ठेवलं होतं. भाऊ शनिवारी यायचे तेव्हा मला ताळेबंद घालायला लावायचे आणि दोन्ही बाजू जुळल्या की स्वतःच टाळी द्यायचे. म्हणजे त्यांना ते नको होतं असं कोणी म्हणू नये. मला बँकेत बसलेली पाहायची त्यांना माझ्यापेक्षा जास्त घाई होती.

तो रविवार तुरीच्या शेंगांचा होता. माय मोठ्या पातेल्यात मीठ घालून शेंगा उकडत होती, घरभर तो वास, आणि भाऊ अंगणात रोडग्यांचा आर पाडत होते. आदल्या संध्याकाळी ते आले तेव्हाच काहीतरी झालं होतं. मायला त्यांनी सांगितलं होतं, की परीक्षा नियंत्रकांची बदली झाली, आणि मोठ्या साहेबांनी, म्हणजे कुलसचिवांनी, येत्या परीक्षेचा पूर्ण कारभार भाऊंकडे द्यायचं ठरवलं आहे. प्रभारी म्हणून. नीट निभावलं तर पुढे कायम करू असं म्हणाले होते. मायने आनंदाने शेजारी गूळ वाटला होता. मीही नाचले होते. रविवारी सकाळी भाऊंनी मला आरापाशी बोलावलं. हातातली काडी राखेत फिरवत म्हणाले, "विशू, यंदाची परीक्षा राहू दे."

मला वाटलं ते थट्टा करत आहेत. मी म्हटलं, "भाऊ, चहा घेतला का नाई अजून?"

"घेतला. आईक. तू बसली तं मले बाजूले व्हा लागते. साहेब म्हन्ले, नियम पूरं बाजूले व्हाचाच हाय. दरसाल तुमी पूरे बाजूले होता, भाचेपुतन्यासाठी होता, मंग सख्ख्या पोरीच्या वक्ताले अर्धे कसे होसान? तुमीच पाडली हे रीत."

"मंग व्हा ना बाजूले! राजादादासाठी झाले, मायासाठी काहून नाई?"

"आता बाजूले झालो तं हे खुर्ची पुन्हा येत नाई, विशू. माया वयाले येत नाई."

तेवढ्यात माय पातेलं उतरवून बाहेर आली. तिच्या हातात झारा होता, तो तसाच. तिने सगळं ऐकलं होतं. शांतपणे म्हणाली, "साऱ्याइच्या पोराइच्या वक्ताले तुमी बाजूले झाले. आपल्या पोरीच्या वक्ताले पोरगीच बाजूले करता?"

भाऊंची बोटं मांडीवर चालत होती.

मी नियमांत शिरले. ती माझी तेव्हापासूनची सवय. समोरचा रडवायला लागला की मी अटी विचारते. "नियम असाच हाय का? पूरं बाजूले व्हा, असंच लिहेल हाय? मी एका शाखेची. बाकीच्या शाखाइचं काम तुमाले कराले काय हरकत? तुमी वाचला का नियम?"

"साहेबाइनं सांगतला ना."

"सांगतला. तुमी वाचला का?"

तेव्हा भाऊ जे बोलले ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "राजाच्या वक्ताले मी नियम पाह्यला नाई, साधा बाजूले झालो. आता आपल्या पोरीसाठी पुस्तक मागवू? शिपाई पाहीन, बाबू पाहीन. दुपारपावतर साऱ्या ऑफिसात होईन, का साहेब पोरीसाठी फट शोधून राह्यले म्हनून. नाई विशू. जो नियम मायाच फायद्याचा निंघू शकते, तो मी कसा उघडू?"

दुसऱ्यांच्या पोरांसाठी हाच माणूस कारकुनांना नियम उघडायला लावत असे. एखाद्याचा निकाल अडकला, की "वाचून सांगा, तोंडी नको," हे त्यांचं वाक्य अख्ख्या विभागात प्रसिद्ध होतं. कोणाच्याही पोरासाठी जे पुस्तक उघडत होतं, ते माझ्यासाठी उघडायला त्यांना लाज वाटली. दुसरा कोणी साहेब असता तर त्याने पुस्तक उघडून, नियम वाकवून, वर सगळ्यांना चहा पाजला असता. आमच्या माणसाला फट शोधतो असं कोणी म्हणेल, एवढीच भीती पुरली.

"पुढच्या साली बस," भाऊ म्हणाले. "एक वर्ष तं हाय."

"तुमचं असतं तं म्हन्ले असते का, एक वर्ष तं हाय?"

"मायं असतं तं विचारलंबी नसतं, देऊन टाकलं असतं."

हेच ना! स्वतःचं देऊन देऊन हात इतका सैल झाला होता, की माझं देताना त्यांना फरकच कळला नाही. मी त्या दिवशी जेवले नाही. संध्याकाळी त्यांची बस गेली तेव्हा मी बाहेरही आले नाही. माय सांगते, फाट्यापर्यंत ते तीनदा मागे वळून बघत गेले. बघितलं असेल. मी अर्ज भरला नाही. वीस वर्षांची पोरगी, बापाचा शब्द, घरात वाटलेला गूळ. सौदा करायला माझ्याकडे त्या वेळी होतं काय?

ती परीक्षा भाऊंनी अशी पार पाडली, की एक पेपर इकडचा तिकडे झाला नाही. कित्येक शनिवार ते घरी आले नाहीत. निकाल वेळेवर लागले. आणि निकाल लागले त्याच आठवड्यात बाहेरून एक गृहस्थ कायमचे परीक्षा नियंत्रक म्हणून आले. ते येणार हे मोठ्या साहेबांना आधीपासून माहीत होतं, फक्त त्या गृहस्थांना जुन्या जागेवरून सुटायला वेळ लागत होता. तेवढ्या वेळापुरता एक न कुरकुरणारा माणूस हवा होता. भाऊ जुन्या टेबलावर परत गेले. घरी येऊन म्हणाले, "चांगला मानूस हाय नवा साहेब." माय त्यांच्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडून एक शिवी गेली, ती कोणाला उद्देशून होती ते मी सांगत नाही.

लोक विचारतात, पुढच्या वर्षी का नाही बसलीस? सांगते. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला. जे आधीच्या वर्षी बसले नव्हते त्यांना दुसऱ्या वर्षाचेही पेपर नव्याने द्यायचे होते. ही बातमी भाऊंनीच आणली, संत्र्यांच्या पिशवीसोबत. म्हणाले, "देऊन टाक, तुले काय कठीन हाय?" तोवर बँकेची भरती होऊन गेली होती. मी पुस्तकं शेजारच्या पोरीला दिली.

रिकामी बसले होते म्हणून काकांसोबत तूर विकायला जवळच्या शिरपूरला गेले. तिथल्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा एका व्यापाऱ्याची गादी होती. तो रुमालाखाली शेतकऱ्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळू नये. काका हात पुढे करणार, तोच मी रुमाल उचलून बाजूला ठेवला. व्यापारी म्हणाला, "बाई, हे काम असंच असते." मी म्हटलं, "तुमचं असंल. आमची तूर उघडी ठेवली हाय, तं भावबी उघडा सांगा." रांगेतले शेतकरी हसायला लागले. त्याने चिडून भाव मोठ्याने सांगितला, मागच्याने तो ऐकला, त्याने आपलं पोतं परत बैलगाडीत टाकलं, आणि व्यापाऱ्याला भाव वाढवावा लागला. परतताना काका म्हणाले, "पोरी, तुया जिभेले पोत्याचं वजन हाय." तिथून माझा धंदा सुरू झाला. आज माझी स्वतःची डाळ मिल आहे. हे लिहीत असतानाच एका दलालाचा फोन आला होता. "ताई, थोडं तं सोडा," म्हणत होता. मी काही सोडत नाही, हे या जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि इथेच लोकांची ती दुसरी कटकट सुरू होते. "बरंच झालं की विशूताई! परीक्षा दिली असती तं बँकेत कारकून राहिल्या असत्या." नातेवाईक म्हणतात, बँकवाले म्हणतात, ज्या बँकेने मला कर्ज देताना दहा चकरा मारायला लावल्या तिचा मॅनेजरसुद्धा म्हणाला. मिल मी माझ्या स्वतःच्या जोरावर काढली. कोणी माझी वाट अडवली म्हणून मी दुसरीकडून चढले, तर अडवणाऱ्याने त्याचं श्रेय कसं घ्यायचं? भाऊ मात्र असं कधी म्हणाले नाहीत. एवढं त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. निवृत्त झाल्यावर ते मिलमध्ये येऊन बसायचे, हमालांच्या पोरांना शाळेचे अर्ज कसे भरायचे ते सांगायचे. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर मात्र कधी बसले नाहीत. "गिऱ्हाइकाची हाय," म्हणायचे. त्या वर्षाचा विषय ना त्यांनी काढला, ना मी. शेवटच्या दुखण्यात मी त्यांची नखं कापत होते तेव्हा काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं त्यांनी. मग म्हणाले, "लान बोट राह्यलं." तेवढंच.

ते गेले त्यानंतर विद्यापीठातल्या निवृत्त कर्मचाऱ्यांनी शहरात सभा ठेवली. मी मायला घेऊन गेले. भाऊंच्या फोटोला हार, समोर पांढऱ्या साड्यांतल्या, पांढऱ्या केसांच्या बायका, काठ्या टेकलेले पुरुष. मोठे साहेब अजून आहेत. फार थकलेत, पण आवाज खणखणीत. ते उभे राहिले आणि म्हणाले, "असा कुटुंबवत्सल माणूस, आणि तरी विद्यापीठासाठी त्यांनी आपल्या मुलीचं एक वर्ष दिलं. हा त्याग आजच्या पिढीला सांगितला पाहिजे." टाळ्या वाजल्या. मायने माझा हात दाबून धरला. मी उठेन हे तिला ठाऊक होतं.

चहाच्या वेळी सुलभाबाई माझ्याजवळ आल्या. त्या परीक्षा विभागात कक्ष अधिकारी होत्या, भाऊंच्या हाताखाली राहून गेलेल्या. बशीत बिस्किट बुडवत, सहज सांगतात तसं म्हणाल्या, "तुझे वडील म्हणजे काय सांगू! अगं, फक्त वाणिज्य शाखेच्या गोपनीय कामापुरतं दुसऱ्याला बसवायचं होतं. नियम तेवढाच आहे, तेव्हाही होता. बाकी सगळं ते करू शकले असते. आम्ही सगळे करायचोच की तसं. माझी दोन्ही मुलं मी विभागात असताना पास झाली."

मी विचारलं, "हे मोठ्या साहेबांना माहीत होतं?"

"त्यांना नाही तर कोणाला? मीच तेव्हा म्हटलं होतं त्यांना, की वाणिज्यचं टेबल काही दिवस दुसऱ्याकडे देऊ. ते म्हणाले, एवढ्यासाठी कशाला आणखी एक माणूस अडकवायचा, ते स्वतःच मिटवतील घरी. आणि मिटवलं ना त्यांनी." बिस्किट बशीतच तुटलं, त्या चमच्याने काढत बसल्या.

एक टेबल. कोणाचं वैर नाही, कोणाचा फायदा नाही, लाच नाही. मी इतकी वर्षं भाऊंच्या तत्त्वाशी भांडत होते. तिकडे एका माणसाला आणखी एक टेबल मांडायचा कंटाळा आला होता, आणि भाऊ नियम उघडणार नाहीत याची त्याला खात्री होती.

मी सरळ साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "साहेब, मी ती मुलगी. नियम एका शाखेपुरता होता. तुम्ही वडिलांना पूर्ण बाजूला व्हावं लागेल असं का सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं असावं. म्हणाले, "अहो, इतक्या वर्षांनी कोणाला आठवतं? तुमचे वडील फार तत्त्वाचे होते. आणि तुमचं तर उत्तम झालं, मिल आहे म्हणे!" शेजारच्या माणसाने त्यांना शाल सावरून दिली. निवृत्त कर्मचारी संघाचे चिटणीस मध्ये आले, "ताई, आजचा दिवस तसा नाही," असं म्हणाले. माय मागून हळूच म्हणाली, "विशू, घरी चाल. आता विचारून काय भेटते?" रस्ताभर ती खिडकीबाहेर बघत होती. शिरपूरच्या फाट्यावर म्हणाली, "त्याइले मी त्या दिसी झारा फेकून माराले पाह्यजे होता. तो साहेब तं हाती लागत नव्हता, म्हनून तुया बापालेच." मग पुष्कळ वेळाने तिला रडू आलं.

दोन आठवड्यांनी चिटणिसांचा फोन आला. भाऊंच्या आठवणींचं पुस्तक काढत आहेत, मुलीने चार शब्द लिहावेत, त्यागाची ती हकीकत तर यावीच. ही ती हकीकत. छापायची असेल तर अशीच छापा, नाहीतर मी छापते.

आणि साहेब, हे तुम्हाला वाचून दाखवतील तेव्हा ऐका. भाऊंनी वर्ष दिलं असं तुम्ही सभेत म्हणालात. ते वर्ष त्यांचं नव्हतं, माझं होतं, आणि तुम्ही ते घेताना मला विचारलं नाहीत. नियम तुम्हाला माहीत होता, याला साक्षीदार आहे. तुमच्या शब्दावर माझ्या बापाने विश्वास ठेवला, कारण तुम्ही वरच्या खुर्चीवर होतात. खोटं का सांगितलंत? आठवत नाही हे उत्तर मी घेत नाही. हार घालायला सगळं नीट आठवत होतं. मला पैसा नको, माफी नको, शाल तर अजिबात नको. माझी म्हातारी आई अजून मेडशीला आहे. तिच्यासमोर येऊन बसा आणि सांगा, का. चिटणिसांना पाठवू नका, मुलाला पाठवू नका. तुम्ही स्वतः या.